मावशीची मान, विरारची गाडी आणि ‘रेल्वे स्पाइन’

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसई फाट्याजवळ नेहमीसारखी गाड्यांची रांग. माझी नालासोपाऱ्याची मावशी मावसभावाच्या गाडीत मागच्या सीटवर मधोमध बसली होती. गाडी उभीच होती. मागून एक टेम्पो आला, त्याचा ब्रेक लागायला जरा उशीर झाला आणि धक्का बसला. फार मोठा नाही. बंपर चेपला, डिकीचं झाकण वाकडं झालं, दोन्ही ड्रायव्हर दहा मिनिटं भांडले आणि सगळे आपापल्या घरी गेले. त्या रात्री मावशीला काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून डोकं उचलता येईना.

एक्सरे काढला. नॉर्मल. पंधरा दिवसांनी परत काढला, परत नॉर्मल. मग घरात हळूहळू वेगळं बोलणं सुरू झालं. ‘एक्सरेत काही नाही म्हणजे आता मनाचंच असणार.’ भावाच्या बंपरचा क्लेम पास झाला. मावशीच्या मानेबद्दल कुणी अर्जही केला नाही, कारण दाखवायला कागदच नव्हता.

आणि मी काय केलं? मी तिला मानेचा पट्टा आणून दिला आणि सहा आठवडे अजिबात काढायचा नाही अशी तंबी दिली. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेली, आता पीएच.डी.साठी डोकं आणि मान यांच्या हालचालीचं गणिती मॉडेल बनवणारी, तेव्हा घरात माझ्या शब्दाला वजन. पट्टा चूक होता हे मला नंतर वाचताना कळलं. त्या वाचनातूनच हा लेख झाला. यात समीकरणं नाहीत, घाबरू नका. एका दुखण्याचा इतिहास आहे. या दुखण्याला गेल्या दीडशे वर्षांत जितकी नावं मिळाली, तितके त्याचे दावेदारही झाले.

सुरुवात घरापासूनच करू. मावशीच्या सासूबाईंचं निदान पहिल्या दिवशीच तयार होतं: उसण भरली आहे, पायाळू माणूस बघा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी आपल्याकडे जुनी समजूत. मला हे फक्त आपलंच वाटायचं. पण स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या लोकसमजुती गोळा करणारे वॉल्टर ग्रेगर यांनी १८८१ च्या पुस्तकात जवळजवळ हेच नोंदवलं आहे: पाय आधी बाहेर येऊन जन्मलेल्या माणसाने चोळलं किंवा अंगावर पाय दिला की लचक आणि कंबरदुखी बरी होते. आगाशीपासून ॲबरडीनपर्यंत माणसाला एकच गोष्ट सुचली! पाठदुखीचं बरंचसं दुखणं काही दिवसांत आपोआप कमी होतं, हे त्यामागचं साधं कारण असावं असं मला वाटतं. श्रेय मात्र ज्याचा पाय त्याला.

पण जुनं सगळंच असं नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांवर एक अख्खा अध्याय आहे. त्यात मान वळली किंवा आत दबली तर काय करायचं तेही आहे. मानेचा मागचा खळगा आणि हनुवटीचे दोन्ही भाग धरून माणसाला वर उचलायचं, म्हणजे मान ताणायची. मग सारखी पट्टी लावून कापडाने गुंडाळायचं आणि सात रात्री उताणं झोपवायचं. ताण, पट्टा, विश्रांती. विसाव्या शतकातल्या कोणत्याही हॉस्पिटलातल्या चिठ्ठीवर हेच तीन शब्द सापडले असते. फक्त सुश्रुताने ते खरोखर निखळलेल्या मानेसाठी लिहिलं होतं. आपण ते टेम्पोने धक्का दिलेल्या मानेला लावलं, आणि घोळ इथेच आहे.

आता रेल्वे. विरारकरांना सांगायला नको, पण १२ एप्रिल १८६७ ही आपली तारीख. त्या दिवशी विरारहून बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६६ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलचे सर्जन जॉन एरिक एरिकसन यांनी रेल्वे अपघातातल्या मज्जासंस्थेच्या इजांवरची व्याख्यानं पुस्तकरूपाने छापली. त्यांच्याकडे येणारे रुग्ण विचित्र होते. गाडीला धक्का बसला, माणूस उठून उभा राहिला, कपडे झटकले, इतरांना मदत केली, घरी गेला. आणि मग काही दिवसांनी मान-पाठ दुखणं, झोप उडणं, हात थरथरणं, विसरभोळेपणा. हाड मोडलेलं नाही, जखम नाही. एरिकसन यांचं म्हणणं, धक्क्याने मज्जारज्जू आतून हलतो आणि त्याला सूज येते. लोकांनी या दुखण्याला ‘रेल्वे स्पाइन’ म्हणायला सुरुवात केली.

तुम्हाला माहीत असलेलं एक उदाहरण देते. ९ जून १८६५ ला इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट इथे गाडी पुलावरून घसरली. त्या गाडीत चार्ल्स डिकन्स होते. ते स्वतः धड होते, डबा लटकत असताना बाहेर आले आणि जखमींना पाणी पाजत फिरले. नंतर मात्र प्रवासात गाडीने वेग घेतला की त्यांना घाम फुटायचा, ते उरलेल्या आयुष्यात गेलं नाही. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० ला, ते वारले.

रेल्वे कंपन्यांना हे नवं दुखणं परवडणारं नव्हतं. जखमी प्रवासी कोर्टात जात, ज्युरी प्रवाशाच्या बाजूने झुकत. मग कंपन्यांचे डॉक्टर उभे राहिले. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे सर्जन हर्बर्ट पेज यांनी १८८३ मध्ये एक मोठं पुस्तक लिहून म्हटलं, मज्जारज्जूला काही झालेलं नाही, ही भीती आहे, मनावरचा आघात आहे. आणि भरपाई मिळाली की पुष्कळ जण बरे होतात. सहा वर्षांनी बर्लिनचे हर्मान ओपनहाइम ‘आघातजन्य मज्जाविकार’ म्हणून तिसरंच काही सांगू लागले. गंमत बघा, शरीर की मन हा वाद विज्ञानाचा म्हणून सुरू झाला, पण कोण कुठल्या बाजूला उभा राहणार हे बऱ्याचदा त्याची फी कोण देतो त्यावर ठरत होतं. पेज यांचं निरीक्षण सगळं खोटं होतं असं मी म्हणत नाही. भीतीचा परिणाम खरा असतो, हे त्यांनी बाकीच्यांपेक्षा आधी ओळखलं. पण ‘मनाचं आहे’ हे वाक्य तेव्हापासून रुग्णाला गप्प बसवायला जे वापरलं जातंय, ते आमच्या नालासोपाऱ्याच्या घरापर्यंत आलं.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? १८५५ चा फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट होता, पण नावातच आहे, तो मेलेल्यांच्या वारसांसाठी. हातपाय शाबूत असलेल्या आणि नुसती मान दुखणाऱ्या माणसासाठी त्यात जागा नव्हती. आणि मला वाटतं, आजही आपला अपघात मोजायचा हिशेब तसाच आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला आपल्याच पालघर जिल्ह्यात, याच महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी धडकली, त्यात ते आणि मागच्या सीटवरचे त्यांचे सहप्रवासी गेले, तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टवर देशभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण फाट्याफाट्यावर रोज जे छोटे धक्के बसतात, ते बंपर सोडून कुठेच नोंदले जात नाहीत.

रेल्वे गेली, मोटार आली. १९२८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अस्थितज्ज्ञांच्या सभेत हॅरोल्ड क्रो या डॉक्टरने वाहतूक अपघातातल्या मानेच्या आठ केसेस सांगितल्या आणि एक शब्द वापरला: व्हिपलॅश, म्हणजे चाबकाचा फटकारा. डोकं कसं हललं एवढंच त्याला सांगायचं होतं. शब्द इतका झणझणीत की तो रोगाचंच नाव होऊन बसला. १९५३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या मुख्य नियतकालिकात गे आणि ॲबट यांचा लेख आला आणि मग वकील, विमा कंपन्या, वर्तमानपत्रं, सगळ्यांच्या तोंडी व्हिपलॅश. १९६४ मध्ये क्रो यांनी स्वतः कुरकुर केली की मी हालचालीचं वर्णन केलं होतं, तुम्ही त्याचा आजार केलात. पण तोवर उशीर झाला होता.

आता जरा माझ्या विषयात या. मागून धक्का बसतो तेव्हा नेमकं काय होतं? डोकं मागे फेकलं जातं असं सगळे म्हणतात. तसं नसतं. डोकं जागेवरच असतं! साडेचार-पाच किलोचं डोकं जडत्वामुळे होतं तिथेच राहतं आणि सीट तुमची पाठ पुढे ढकलते. विरार लोकल अचानक सुटते तेव्हा दांडी न धरलेला माणूस मागे पडल्यासारखा वाटतो, पण खरं तर त्याच्या पायाखालची गाडी पुढे गेलेली असते, तेच हे. म्हणजे खालून छाती पुढे सरकली, वर डोकं मागे राहिलं, आणि मधली मान क्षणभर इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते: खालचे मणके मागे, वरचे पुढे. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. स्नायूंना आवळायला वेळच मिळत नाही. १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात सेव्हरी आणि सहकाऱ्यांनी गाड्या मागून धडकवून मोजलं, तेव्हा डोक्याचं त्वरण गाडीपेक्षा उशिरा येतं आणि गाडीपेक्षा बरंच मोठं असतं असं दिसलं. एस आकाराची गोष्ट मात्र १९९७ मध्ये येल विद्यापीठात मनोहर पंजाबी यांच्या गटाने नीट मांडली. नावावरून ओळखलंच असेल, मूळचे आपल्या देशातले. मणक्यांच्या यांत्रिकीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं पुस्तक टेबलावर ठेवावंच लागतं.

या एस मध्ये मार बसतो तो मणक्यांच्या मागच्या बाजूच्या छोट्या सांध्यांना, त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतात. आकार साधारण करंगळीच्या नखाएवढा. साध्या एक्सरेत त्यांची इजा दिसत नाही. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात निकोलाय बोगडुक यांच्या गटाने वेगळा मार्ग काढला: त्या सांध्याच्या नसा इंजेक्शनने तात्पुरत्या बधिर करायच्या, कधी खऱ्या औषधाने, कधी नुसत्या मिठाच्या पाण्याने, आणि रुग्णाला न सांगता बघायचं दुखणं कशाने थांबतं. दीर्घकाळ दुखणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांचं दुखणं खरंच त्या सांध्यात सापडलं. एरिकसन यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनी! एक्सरे नॉर्मल असणं आणि माणूस खोटारडा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मावशीच्या घरी परत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. थोडं जोरातच सांगितलं.

आता कायरोप्रॅक्टिक. तुमच्या मोबाइलवरही ते व्हिडिओ येत असणार. माणूस पालथा, मानेला टॉवेल, एक हिसका, कडकन आवाज, आणि माणूस रडतरडत हसतो. मावशीच्या शेजारणीने तिला असाच एक व्हिडिओ पाठवला आणि मुंबईतला एक पत्ता. मला विचारलं, जाऊ का?

या पद्धतीचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी. डी. डी. पामर हा आधी किराणा दुकान चालवलेला, मग ‘चुंबकीय’ उपचार करणारा माणूस. त्याने इमारतीचा झाडूवाला हार्वी लिलार्ड याच्या पाठीतला एक उंचवटा दाबला आणि लिलार्डचा सतरा वर्षांचा बहिरेपणा गेला, असा त्याचा दावा. ऐकण्याची नस पाठीतून जातच नाही, ती कवटीच्या आतच कानापासून मेंदूत जाते. पण पामर थांबला नाही. मणके सरकल्यामुळे ९५ टक्के रोग होतात असं त्याने १९१० मध्ये लिहिलं. त्याआधी विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल तो तुरुंगातही जाऊन आला होता. पुढे परवान्यांची लढाई राज्याराज्यात चालली: कॅन्ससने १९१३ मध्ये कायदा केला, शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४ मध्ये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांना त्यांच्याशी संबंधच ठेवू नका असं बजावलं होतं. त्यावर काही कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी हा बहिष्कार बेकायदा ठरवला. म्हणजे उपचाराचा सिद्धांत बरोबर ठरला असं नाही, दुसऱ्याचा धंदा संगनमताने बंद पाडता येत नाही एवढंच ठरलं.

मग लोक तिकडे जात का होते? मला याचं उत्तर १८६७ मध्येच सापडलं, विरारच्या गाडीच्या वर्षी. जेम्स पॅजेट या नामवंत इंग्रज सर्जनने डॉक्टरांसमोर एक व्याख्यान दिलं, विषय: हाडवैद्य कोणत्या केसेस बऱ्या करतात. त्याचा रोख असा, की आपण सांधा महिनोन्महिने बांधून ठेवतो, तो आखडतो, मग एखादा हाडवैद्य त्याला हिसका देऊन मोकळा करतो आणि लोक आपल्याला हसतात. तेव्हा त्यांचं चांगलं ते शिका, धोक्याचं ते टाळा. वसई-विरारच्या जुन्या घरांत कुठला हाडवैद्य चांगला हे अजून आजीलाच विचारतात, त्यामागे हेच आहे. तो हात लावतो, दुखणं खरं मानतो. आपल्याकडे या दोन टोकांच्या मधली जागा फिजिओथेरपीने घेतली. पोलिओच्या साथीनंतर १९५२ मध्ये परळच्या के.ई.एम. मध्ये तिचं शिक्षण सुरू झालं. कायरोप्रॅक्टिकला मात्र भारतात स्वतःची वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवर ते नाव दिसलं तर खालची मूळ पदवी काय आहे ते वाचा.

तो कडकन आवाज मणका ‘जागेवर बसल्याचा’ नसतो. सांध्यातल्या द्रवात अचानक पोकळी तयार होते त्याचा असतो. २०१५ मध्ये कॅनडात बोटांचे सांधे एमआरआयमध्ये ओढून हे प्रत्यक्ष बघितलं गेलं. बरं वाटतं हे खरं, काही वेळ स्नायू सैलावतात. मानदुखीवर हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीने दिले तर काहीसा फायदा दिसतो. पण मानेचा झटका हा कंबरेच्या झटक्यासारखा नाही. मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी जाते, तिचं आतलं अस्तर फाटलं तर पक्षाघात होऊ शकतो. हे विरळ आहे. झटक्यामुळे होतं की आधीच फाटत असलेल्या रक्तवाहिनीमुळे मान दुखते आणि म्हणून माणूस उपचाराला जातो, यावर वाद आहे. ऑन्टारिओतल्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात साध्या डॉक्टरकडे गेलेल्यांतही तसाच संबंध दिसला होता. आणि हे फक्त कायरोवाल्यांचं नाही. सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान मोडून घेणारे आपण सगळेच. २०१७ मध्ये दिल्लीत न्हाव्याने मान मोडल्यावर एका माणसाच्या श्वासपटलाची नस निकामी झाल्याची बातमी आली होती. मी मावशीला म्हटलं, अपघाताने दुखावलेल्या मानेला हिसका नको. ती गेली नाही.

पण पट्ट्याचं काय? १९९५ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक टास्क फोर्सने तोवरचं संशोधन चाळून सांगितलं की हाड किंवा नस दुखावलेली नसेल तर मान हलती ठेवा, लवकर रोजच्या कामाला लागा, पट्ट्याने बरं होणं लांबतं. म्हणजे मी सहा आठवडे मावशीची मान बांधून ठेवली, पॅजेटच्या डॉक्टरांसारखी. (हातापायाला मुंग्या, जोर कमी होणं, मानेच्या मधोमध हाडावर दुखणं, किंवा वय ६५ च्या वर असेल, तर आधी डॉक्टर आणि एक्सरे, हे सगळं त्यानंतरचं.)

पैशाचा प्रश्न राहिला. १९९६ मध्ये लिथुआनियातला एक अभ्यास गाजला. तिथे तेव्हा अशा दाव्यांची रीतच नव्हती. मागून धडक बसलेल्या २०२ जणांना काही वर्षांनी विचारलं, तर मानदुखी ३५ टक्क्यांना. अपघात न झालेल्यांत ३३. विमा कंपन्यांनी तो डोक्यावर घेतला. मात्र त्यात धक्क्याने खरंच दुखापत झालेले थोडेच होते, हे सांगायचं राहून जातं. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताने १ जानेवारी १९९५ पासून कोर्टबाजी बंद करून कुणाचीही चूक असो, ठरलेली मदत सुरू केली. सहा महिन्यांतले दावे लाखामागे ४१७ वरून ३०२ वर आले आणि दावा मिटायचा मधला काळ ४३३ दिवसांवरून १९४ दिवसांवर. काही जण याचा अर्थ लोक खोटं बोलत होते असा लावतात. मला वेगळं दिसतं. दोन वर्षं रोज ‘मला दुखतंय’ हे सिद्ध करत राहावं लागलं तर माणसाला दुखणं विसरता कसं येणार? आपल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या तारखा ज्यांनी बघितल्यात त्यांना कळेल.

आता माझं काम. डोक्यामागची उशी अमेरिकेत १९६९ पासून नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटला सक्तीची झाली. १९९८ मध्ये व्होल्वो आणि साबने खास सीट आणल्या. त्या चांगल्या निघाल्या, पण पुरुषांसाठी जास्त चांगल्या. अनेक अभ्यासांत बायकांना या इजेचा धोका पुरुषांपेक्षा जास्त, आणि सीट तपासायला वापरलेला पुतळा मात्र मध्यम बांध्याच्या पुरुषाचा. स्वीडनच्या ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने सरासरी स्त्रीच्या बांध्याचा पुतळा २०२२ मध्ये दाखवला. बायकांची मान बारीक, डोकं त्या मानाने जड, बसण्याची उंची कमी. माझ्या मॉडेलमधली मान मी चार फूट अकरा इंच उंचीच्या बाईची घेतली आहे, मागच्या सीटवर मधोमध बसलेली, जिथे डोक्यामागे उशीच नाही.

मापं मागच्या रविवारी घेतली, शिंप्याच्या टेपने. मावशी आता डावीकडे पूर्ण वळून बघते, उजवीकडे थोडं अडतं. मी पट्ट्याबद्दल माफी मागितली तर म्हणाली, “अगं, त्या पट्ट्यामुळे निदान लोकांना पटलं तरी की मला काहीतरी झालंय.”